रसेल फ्रीमेसन होता का? प्रकल्प नोंदी, मार्च ते मे 2025

2 मार्च, रविवार

नाशिकहून आत्याचा फोन. महिन्या-दीड महिन्याने तिच्या दारी दोन बायका येतात, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या ‘टेहळणी बुरूज’ मासिकाचा अंक देतात, चहा घेतात, बायबलातला एखादा उतारा वाचून दाखवतात आणि जातात. आत्या रोज हरिपाठ म्हणणारी. त्यांचं म्हणणं तिला पटत नाही, पण बायका आवडतात. परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र आलं: दगडी पिरॅमिड, मुकुटातून आरपार गेलेला तिरका क्रॉस आणि खाली लाल अक्षरांत ‘यहोवाच्या साक्षीदारांचा संस्थापक फ्रीमेसन होता, सावध राहा’. (फ्रीमेसन किंवा नुसतं मेसन म्हणजे ‘लॉज’ नावाच्या शाखांतून जमणाऱ्या, गुप्त विधी पाळणाऱ्या एका जुन्या बंधुमंडळाचा सभासद.) आत्याचा सवाल सरळ. “अरे, तो माणूस तुमच्या पिट्सबर्गचाच ना? मग जाऊन बघून ये की.”

अमेरिकेतल्या पिट्सबर्गचाच, मी राहतो तिथलाच, हे खरं. चार्ल्स टेझ रसेल 16 फेब्रुवारी 1852 ला जन्मला तो नदीपलीकडच्या अ‍ॅलेगेनीत. तेव्हा ते वेगळं शहर होतं, 1907 साली पिट्सबर्गने ते गिळलं.

ताईला लगेच कळवलं. (मावसबहीण, पुण्यात. आमच्या हौशी पॉडकास्टचं ध्वनिमुद्रण, काटछाट सगळं तिच्याकडे.) पुढच्या भागाचा विषय ठरत नव्हताच. तिचं उत्तर: “चालेल. पण ‘संबंध होते’ असलं गुळमुळीत नको. संबंध माझेही आहेत, आमच्या मजल्यावरचे पारशी काका लॉजमध्ये जातात.”

बरोबर बोलली. म्हणून पहिलाच नियम: सभासद होता का, हा एक प्रश्न. त्यांच्यात ऊठबस होती का, हा दुसरा. त्यांची चिन्हं वापरली का, हा तिसरा. चित्रवाल्याने तिसऱ्याचं उत्तर दाखवून पहिल्याचा निकाल लावलाय.

6 मार्च, गुरुवार

रात्री दोन तास चरित्राला दिले. श्रोत्यांना लागेल तेवढंच इथे.

बाप जोसेफ लायटल रसेल, आयर्लंडहून आलेला, कपड्यांचा दुकानदार. पोरगाही लहानपणापासून दुकानात. घरचं प्रेस्बिटेरियन वळण; सतरा-अठराव्या वर्षी श्रद्धा डळमळली, अ‍ॅडव्हेंटिस्ट (ख्रिस्त लवकरच परत येणार असं मानणाऱ्या पंथाचा) उपदेशक जोनास वेंडेलचं प्रवचन ऐकून पुन्हा बायबलाकडे वळला. जुलै 1879 मध्ये मासिक काढलं, पहिल्या अंकाच्या 6000 प्रती. तेच आत्याच्या टीपॉयवरचं ‘टेहळणी बुरूज’. 1884 मध्ये संस्थेची नोंदणी, 1909 मध्ये मुक्काम ब्रुकलिनला, 31 ऑक्टोबर 1916 ला टेक्ससमध्ये पॅम्पाजवळ चालत्या रेल्वेत मृत्यू. दफन मात्र इथेच, पिट्सबर्गजवळ.

‘संस्थापक’ शब्दाला कंस घालावा लागेल. त्याचे अनुयायी स्वतःला बायबल विद्यार्थी म्हणवत. ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव 1931 मध्ये आलं, त्याच्या वारसदाराच्या, जोसेफ रदरफर्डच्या काळात. रसेलनंतर फाटाफूट झाली आणि काही गट आजही स्वतःला बायबल विद्यार्थीच म्हणवतात. बीज त्याचं, झाड रदरफर्डचं, असं म्हणू.

भारताचा धागा: 1912 साली तो त्रावणकोरला येऊन गेला होता. मुंबईत शाखा उघडली ती 1926 मध्ये. आपल्या लोकांना हे साक्षीदार आठवतात ते 1986 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. केरळातली तीन मुलं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेने काढली होती आणि कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. एवढं पुरे, विषय तो नाही.

9 मार्च, रविवार

ताईचा प्रश्न: मेसन असणं हा आरोप कसा काय? मुंबईत फोर्टात त्यांचा हॉल आहे, 1843 साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज निघालं तेच भारतीय लोकांना घेता यावं म्हणून. तिच्या डोक्यात मेसन म्हणजे सूट घालून जेवायला जमणारे, शाळा-दवाखान्यांना देणगी देणारे वयस्क गृहस्थ.

अमेरिकेत गोष्ट निराळी. 1826 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हियात विल्यम मॉर्गन नावाच्या माणसाने मेसनांची गुपितं छापणार म्हणून जाहीर केलं. त्याला किरकोळ कर्जाच्या निमित्ताने पकडलं, सोडवून नेलं, आणि तो परत कुणाला दिसला नाही. खुनाचा पुरावा हाती लागला नाही, पण लोक असे पेटले की मेसनविरोधी असा राजकीय पक्षच निघाला. लॉजेस ओस पडली. विल्यम मिलर, ज्याच्या 1844 च्या फसलेल्या भाकितातून अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी आणि पुढे रसेलची विचारधारा निघाली, तो स्वतः व्हरमाँटमधल्या पोल्टनीच्या लॉजचा सभासद होता. 1831 मध्ये तो बाहेर पडला. म्हणजे रसेलच्या वैचारिक आजोबाचं नाव खरोखर लॉजच्या यादीत सापडतं. नातवाचं शोधायचंय.

15 मार्च, शनिवार

आज तुलनेचा दिवस. खरा सभासद असलेला धर्मसंस्थापक कागदावर कसा दिसतो ते आधी बघायचं, मग रसेल तपासायचा. दुधात पाणी आहे का ते कळायला आधी निर्भेळ दूध माहीत पाहिजे.

जोसेफ स्मिथ, मॉर्मन पंथाचा संस्थापक. तारीख योगायोगाने आजचीच: 15 मार्च 1842, इलिनॉयमधलं नॉव्हू. राज्याचे ग्रँड मास्टर (तिथल्या लॉजेसचे प्रमुख) अब्राहम जोनास लॉजच्या स्थापनेला आले आणि त्याच दिवशी स्मिथला पहिली पायरी दिली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन. एरवी महिने लागतात ते काम दोन दिवसांत. भाऊ हायरम न्यूयॉर्क राज्यात असल्यापासून मेसन. सगळं लॉजच्या कामकाजाच्या नोंदीत आहे.

पुढचा तपशील मला फार रंजक वाटला. सात आठवड्यांनी, 4 मे 1842 ला, स्मिथने आपल्या लाल विटांच्या दुकानाच्या माडीवर मोजक्या सोबत्यांना मंदिरातला ‘एंडाउमेंट’ विधी पहिल्यांदा दिला. त्यात खुणेचे हस्तस्पर्श, गुप्त शब्द, एप्रन, वस्त्रांवर गुण्या (गवंड्याची काटकोनी पट्टी) आणि कंपासच्या खुणा. मॉर्मन चर्चही मेसनांच्या विधींशी असलेलं हे साम्य नाकारत नाही. उगम कुठला यावर वाद आहे. 27 जून 1844 ला कार्थेजच्या तुरुंगावर जमाव चालून आला तेव्हा खिडकीतून पडताना स्मिथच्या तोंडून “हे प्रभू, माझ्या देवा” एवढे शब्द निघाले. संकटातल्या मेसनने घालायच्या हाकेची सुरुवात हीच. जमावात मेसन होते. कुणी हात दिला नाही.

म्हणजे खरा संबंध असा असतो. लॉजचं नाव, तारीख, दीक्षा देणारा कोण, आणि तो संबंध पुढे त्या पंथाच्या अंगात उतरलेला.

16 मार्च, रविवार

दुसरं उदाहरण ताईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे शांतता.

नरेंद्रनाथ दत्त. 19 फेब्रुवारी 1884, कलकत्ता, ‘अँकर अँड होप’ लॉज. दुसरी पायरी 15 एप्रिल, तिसरी 20 मे. वय एकवीस. त्याच फेब्रुवारीत वडील वारले आणि घरावर कर्जाचा डोंगर आला. तेरा वर्षांनी, 1 मे 1897 ला, याच माणसाने रामकृष्ण मिशन स्थापन केलं. तोवर जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणत होतं.

ताई: “लोक चिडतील रे.”

चिडण्यासारखं काय आहे? त्या काळी कलकत्त्यातले वकील आणि शिकलेसवरलेले तरुण लॉजमध्ये जात, ओळखी होत. मिशनच्या मठात एप्रन किंवा गुण्या काही आलं नाही. स्मिथच्या बाबतीत दीक्षा घेतली आणि ती विधीत उतरली. इथे दीक्षा घेतली आणि बाजूला पडली. दोघेही सभासद, पण ‘संबंध’ या शब्दाचं वजन दोन्हीकडे सारखं नाही. ठेवायचं ठरलं. ताईची अट: स्वर कौतुकाचा नको, आरोपाचाही नको, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख वाचतो तसा.

22 मार्च, शनिवार

आज मुख्य कागद हाती लागला. मेसन म्हणणारे सगळे ज्याच्यावर उड्या मारतात ते 1913 चं भाषण. जून महिना, सॅन फ्रान्सिस्को, विषय ‘देवाचं मंदिर’. अधिवेशनाच्या छापील अहवालाची स्कॅन प्रत मिळाली. फिरवल्या जाणाऱ्या चित्रांत यातली एकच ओळ असते: “मी फ्रीमेसन आहे.” अवतरण खोटं नाही. तो हे म्हणाला.

आता अख्खा परिच्छेद. सभा मेसनांच्याच इमारतीत भाड्याने घेतलेली. तो सुरुवातीला म्हणतो की आपण मेसनांना वाहिलेल्या वास्तूत बोलतोय, तर आपल्या मेसन मित्रांशी आपलं कुठे पटतं तेही बोलू. आपणही मेसन आहोत. मी फ्री अँड अ‍ॅक्सेप्टेड मेसन आहे, आणि मला वाटतं आपण सगळेच आहोत. आणि लगेच: पण आपल्या मेसन बांधवांच्या तऱ्हेने नव्हे. त्यांच्याशी आपलं भांडण नाही, माझे काही जिवलग मित्र मेसन आहेत. पुढे, त्याच भाषणात, विधीची उपमा देताना: “मी कधीच मेसन नव्हतो, तरी ऐकून आहे की...”

काम संपलं असं वाटलं. संपलं नाही, कारण मराठीत हे सांगायचं कसं?

त्याचा सगळा खेळ शब्दावर आहे. मेसन म्हणजे मुळात गवंडी, दगड घडवून चिणणारा. लॉजवाल्यांनी गुण्या, ओळंबा, थापी ही गवंड्याची हत्यारं घेतली आणि त्यांना सदाचाराचे अर्थ लावले. रसेल उलट्या दिशेने चाललाय. तो म्हणतो, खरं मंदिर देव बांधतोय, ख्रिस्त त्याची कोनशिला, आणि आपण घडवले जाणारे दगड. बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात ‘जिवंत धोंडे’ आहेत तेच. म्हणजे आपल्या बांधकामातले गवंडी आपण, तुमच्या लॉजमधले नव्हे. ‘मी फ्रीमेसन आहे’ ठेवलं तर श्लेष मरतो, आणि ‘मी मोकळा गवंडी आहे’ केलं तर ऐकणारा हसेल.

एकदा आमच्या वारकरी शेजाऱ्यांनी पोलिसांच्या एका कार्यक्रमात भाषण केलं होतं: “आम्हीही हवालदारच, विठ्ठलाच्या दारचे.” उद्या कुणी तेवढंच वाक्य उचलून त्यांच्या नावावर पोलीस पेन्शन मागायचा! हे उदाहरण घेऊ का? ताईला विचारायचं.

(नंतर भर: ताई म्हणाली घे.)

23 मार्च, रविवार

जोडीला दुसरा कागद, त्याच्याच मासिकाचा 15 जून 1895 चा अंक. तिथे तो गुप्त संघटनांबद्दल लिहितो. फ्रीमेसनांचा इतिहास बघता त्यांचा हेतू आजारपणाच्या मदतीपलीकडचा काहीतरी असावा, त्यांच्या विधींत बराच पोकळ देखावा असतो, माणसाची पूजेची भूक त्यावर भागते आणि तो खऱ्या उपासनेपासून लांब राहतो, असा सूर. 1913 च्या गोडव्यापेक्षा हा बराच कडक. लिहिताना स्वतःच्या वाचकांसमोर होता, बोलताना मेसनांच्या छपराखाली. वक्त्याची जात!

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

महाराष्ट्र मंडळाचा पाडवा. सकाळी घराबाहेर रांगोळी काढली, मधोमध स्वस्तिक. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवायला निघालेले, रांगोळीसमोर थबकले. चेहरा बघूनच कळलं. बाहेर गेलो, समजावलं, त्यांना एक वाटी श्रीखंड दिलं. ते म्हणाले, गेल्या वर्षीही तुम्ही समजावलं होतं, पण डोळे आधी बघतात.

डोळे आधी बघतात. चिन्हांचा भाग याच प्रसंगाने सुरू करायचा. इथल्या प्रत्येक मराठी घराने हे सोसलंय.

तर क्रॉस आणि मुकुट. 1891 पासून रसेलच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर हे चिन्ह होतं, त्याचे अनुयायी कोटाला त्याची पिन लावत. मेसनांतली ‘नाइट्स टेम्पलर’ नावाची वरची ख्रिस्ती शाखा हेच चिन्ह वापरते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर साम्य आहे, नाही म्हणणं खोटेपणा होईल. मुखपृष्ठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात चिलखतही आहे, म्हणजे संशयितासाठी शूरवीरही हजर. (ते चिलखत इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं, ‘देवाची शस्त्रसामग्री’.)

पण क्रॉस-मुकुट ही मेसनांची मिरास नाही. ख्रिश्चन सायन्सवाल्यांच्या शिक्क्यात तो आहे. रविवारच्या शाळेत न चुकता येणाऱ्या मुलांना अमेरिकेत क्रॉस-मुकुटाच्या पिना वाटत. आणि मी राहतो ते पेनसिल्व्हेनिया राज्यच ज्याच्या घराण्याच्या नावाचं आहे, त्या विल्यम पेनने 1669 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना पुस्तिका लिहिली तिचं नावच ‘नो क्रॉस, नो क्राउन’. दुःख सोसल्याशिवाय मुकुट नाही, एवढाच अर्थ. लंडनचं पहिलं ग्रँड लॉज (लॉजेसची शिखर संस्था) 1717 चं. पेनची पुस्तिका त्याच्या 48 वर्षं आधीची.

साक्षीदारांनी स्वतःच 1931 मध्ये हे चिन्ह मुखपृष्ठावरून काढलं. कारण मेसन नव्हते. क्रॉसच त्यांना मूर्तिपूजकांचा वाटू लागला.

5 एप्रिल, शनिवार

पिरॅमिड. इथे मी वाहवत गेलो, नोंद लांबेल.

रसेलला गीझाच्या मोठ्या पिरॅमिडचं वेड होतं हे निर्विवाद. 1891 च्या पुस्तकात त्यावर आख्खं प्रकरण. पण हे वेड त्याने लॉजमधून आणलं नाही. स्कॉटलंडचे राजखगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी 1860 च्या दशकात गीझाला जाऊन मोजमाप घेतलं आणि म्हणाले, ही इमारत देवाच्या प्रेरणेने बांधलेली, हिच्या इंचांत इतिहास आहे. तेव्हा कितीतरी ख्रिस्ती पंडित यात गुंतले. त्यांना यशयाच्या 19 व्या अध्यायातला मिसर देशातला वेदी-स्तंभ तिथे दिसला. रसेलने आपलं हस्तलिखित छपाईआधी पियाझी स्मिथना वाचायला पाठवलं होतं.

हिशोब असा: आतल्या वाटांचा एक इंच म्हणजे एक वर्ष. एका वाटेची लांबी जुन्या आवृत्तीत 3416 इंच, आणि हिशोब येतो 1874 सालावर. पुढच्या आवृत्तीत तीच वाट 3457 इंच, आणि हिशोब येतो 1915 वर. दगड तोच, वाट तेवढी 41 इंचांनी वाढली. आमच्याकडे पंचांगवाले इतकी सूट घेत नाहीत.

1928 मध्ये रदरफर्डने मासिकातून जाहीर केलं की पिरॅमिड देवाने नव्हे, सैतानाच्या प्रेरणेने बांधला गेला. चाळीस वर्षांची मोजपट्टी एका फटक्यात गेली.

आणि पिरॅमिड हे मेसनांचं चिन्ह म्हणतात ते डॉलरच्या नोटेमुळे. अमेरिकेच्या राजमुद्रेतला तो पिरॅमिड 1782 चा. मेसनांची खरी ओळख गुण्या आणि कंपास. पुस्तकांवरचा पंखवाला सूर्य हाही असाच: इजिप्तचं चिन्ह म्हणून बोट दाखवतात, पण त्याच्यासाठी तो मलाखीच्या चौथ्या अध्यायातला, ज्याच्या पंखांत आरोग्य आहे तो सूर्य.

13 एप्रिल, रविवार

आत्याचा हुकूम पाळला. पिट्सबर्गबाहेरच्या रॉस टाउनशिपमधली रोझमाँट युनायटेड दफनभूमी. ढगाळ हवा, गवत ओलं, बुटांना चिखल. माझ्याशिवाय एकच माणूस, लांब कुणाच्या तरी थडग्यावर प्लास्टिकची लिली ठेवत होता. पुढच्या रविवारी ईस्टर.

रसेलची कबर साधी. नाव, दोन तारखा आणि खाली तीन शब्द: ‘द लाओडिसियन मेसेंजर’. बायबलातल्या प्रकटीकरणाच्या सात मंडळ्यांपैकी शेवटची लावदिकीया, तिचा दूत. अनुयायी त्याला तसं मानत. गुण्या नाही, कंपास नाही, लॉजचं नाव नाही. मेसनांच्या कबरी इथे आजूबाजूला आहेतच, त्यांच्यावर चिन्ह ठळक असतं. मी फोटो काढले, दोन्ही तऱ्हांचे.

पिरॅमिड आता नाही. फोनवर जुना फोटो उघडून उभा राहिलो आणि जागेचा अंदाज घेतला. सुमारे सात फूट उंच होता, बाजूंवर उघड्या पुस्तकांची कोरीव पानं, त्यात नावं लिहायला जागा, वर वेलीच्या चक्रात क्रॉस-मुकुट. रसेलच्या मृत्यूनंतर संस्थेने आपल्या सेवकांच्या सामाईक जागेचं स्मारक म्हणून उभारला. त्याने स्वतः तो उभा राहिलेला पाहिला नाही. 2021 मध्ये काढला. ग्रुपवरच्या चित्रात ‘त्याच्या थडग्यावरचा पिरॅमिड’ म्हणतात तो हा: थडग्यावर नव्हता, बाजूला होता.

आता खरी गंमत. दफनभूमीला लागूनच ग्रेटर पिट्सबर्ग मेसॉनिक सेंटर आहे. म्हणून चित्रवाले म्हणतात, बघा, मेसनांच्या अंगणात पुरलंय! इथे उभं राहून तसं वाटतंही. पण मी पिट्सबर्गच्या ओकलंड भागात रोज ज्या देवळासारख्या दगडी इमारतीसमोरून जेवायला जातो, ती विद्यापीठाची अ‍ॅलम्नाय हॉल, तेच पिट्सबर्गच्या मेसनांचं जुनं मंदिर. 1914-15 च्या सुमारास बांधलेलं, 1993 मध्ये विद्यापीठाने घेतलं. मेसन त्यानंतर रॉसला आले. रसेल तोवर सत्याहत्तर वर्षं जमिनीखाली होता. मेसन त्याच्या शेजारी राहायला आले, तो त्यांच्याकडे गेला नव्हता.

खर्च: पेट्रोल, एक कॉफी.

19 एप्रिल, शनिवार

आडवाट. येल विद्यापीठातली ‘स्कल अँड बोन्स’ ही गुप्त मंडळी 1832 मध्ये विल्यम हंटिंग्टन रसेलने काढली. आडनाव एक, म्हणून घराणं एक, असं म्हणणारेही आहेत. तो कनेक्टिकटचा, यांचा बाप आयर्लंडहून आलेला. कुलकर्णी आडनावाचे सगळे एका घरातले धरले तर निम्मा महाराष्ट्र भाऊबंद निघेल. भागात घ्यायचं नाही.

27 एप्रिल, रविवार

मसुदा दुसरा. ताईची हरकत: “नव्हता असं छातीठोकपणे म्हणता येतं का? गुप्त संघटना आहे. यादीत नाव नसलं म्हणजे नव्हताच असं कसं?”

रात्रभर यावर घोळ. शेवटी असं मांडलं. मिलरचं लॉज पोल्टनीत. स्मिथचं नॉव्हूत, दीक्षा देणाऱ्याच्या नावासकट. नरेंद्रनाथांच्या तिन्ही तारखा आहेत. लॉज गुप्तता पाळतं ती विधींची. वर्गणी घेणारी मंडळी आहे ती, सभासदाची नोंद ठेवल्याशिवाय तिचं एक पान हलत नाही. आणि नामांकित सभासद मिरवायला ती उत्सुक असते: वॉशिंग्टनपासून फोर्डपर्यंत राष्ट्राध्यक्षांची यादी कुठलाही मेसन तोंडपाठ म्हणेल. रसेलला मेसन म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं: कुठलं लॉज, कोणती तारीख? शंभर वर्षांत उत्तर आलेलं नाही. उलट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनच्या ग्रँड लॉजने जाहीर लिहिलंय की रसेल मेसन नव्हता, आणि चिन्हं किंवा पिरॅमिड हा त्याचा पुरावा नाही. शिवाय तो स्वतः मेसनांच्या सभागृहात उभा राहून म्हणतो की मी कधीच नव्हतो. खोटं बोलायला ती जागा फारच वाईट.

ताई: “ऊठबस होती?” होती. मित्र मेसन, हॉल मेसनांचा, त्यांची भाषा तोंडात. तेही सांगायचं. झाकायचं काही नाही.

मी ‘नव्हता’ असंच बोलणार. ताईला ‘नसावा’ हवं होतं. मी हट्ट धरला, ती मानली. पण विवेकानंदांच्या भागाला दीड मिनिटाची कात्री लावून तिने तो हट्ट वसूल केला.

4 मे, रविवार

ध्वनिमुद्रण. पहाटे पाच इथे, दुपारी अडीच पुण्यात. ताईच्या खाली लग्नाचा बँड, वीस मिनिटं थांबलो. ‘एंडाउमेंट’ चार वेळा अडखळलो. ‘ओळंबा’ शब्दावर ताई म्हणाली तरुण मुलांना कळणार नाही. मी म्हटलं, गवंड्याला कळेल. राहिला.

एकूण 41 मिनिटं. रसेलच्या वाटेइतकीच वाढ, ताईने टोमणा मारला.

7 मे, बुधवार

जाहिरातीची चाळीस सेकंदांची क्लिप ताईने आज सकाळी टाकली. दुपारी इथे उठून ऐकली आणि झोप उडाली. माझा आवाज, गंभीर: “1913 साली, सॅन फ्रान्सिस्कोत, रसेल उभा राहून म्हणाला: मी फ्रीमेसन आहे.” ढोलकीचा ठेका. ‘संपूर्ण भाग रविवारी.’

फोन लावला. “अगं, आपण तेच केलं!”

“लोक पूर्ण भाग ऐकायला येतील म्हणून तिथे तोडलं ना रे.”

तोवर क्लिप आत्याच्या ग्रुपवर पोचली होती. खाली कुणीतरी लिहिलेलं: आता तर अमेरिकेतून पुरावा आला. आत्याचा मला एकच मेसेज, नुसतं प्रश्नचिन्ह.

क्लिप उतरवली. नवी केली, सात सेकंद लांब, ‘पण आपल्या मेसन बांधवांच्या तऱ्हेने नव्हे’पर्यंत. ग्रुपवर तीही टाकली. जुनीला किती जणांनी पुढे ढकललं ते मोजता येत नाही.

11 मे, रविवार

भाग चढवला. आत्याने स्वयंपाक करता करता ऐकला म्हणे. त्या दोन बायका येऊन गेल्या. तिने विचारलं, रसेल माहीत आहे का? माहीत होता, पण त्यांच्या लेखी तो आमच्यासारखाच एक बायबल शिकणारा माणूस, पूजनीय वगैरे कुणी नाही. त्यांना पिरॅमिडचं ठाऊक नव्हतं. आत्याने त्यांना 41 इंचांची गोष्ट सांगितली आणि तिघी हसल्या.

18 मे, रविवार

श्रोत्याची तक्रार, रास्त. 26 व्या मिनिटाला मी ‘थडग्यावरचा पिरॅमिड’ असं बोलून गेलोय. स्वतःच्याच नोंदीत बाजूला होता असं लिहिलंय. ताईने ‘थडग्याशेजारचा’ एवढा एक शब्द मागवला. रात्री कपाटात उशांमध्ये डोकं घालून बोललो, पाठवला. तिने शिवून दिला. सांधा कळतो, पण चालेल.